टॉवेलचं वजन कमी येतंय: सोलापूरच्या टेरी युनिटमधल्या दोन महिन्यांच्या नोंदी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटचं प्रॉडक्शन बघतो. या नोंदी आधी वहीत होत्या, त्यातलं नको ते काढून इथं टाकतोय कारण आपल्याकडं टेरीचं, म्हणजे लूपवाल्या टॉवेल कापडाचं काम करणारे भरपूर आहेत आणि एप्रिल-मे मध्ये हा घोळ जवळपास प्रत्येकाकडं होतो, फक्त बोलत कुणी नाही. यात माझ्याच चुका जास्त आहेत, हसा पण पुढचं वाचा.

माल कुठला ते आधी सांगतो. हॉटेलसाठी पांढरा बाथ टॉवेल, 30 बाय 60 इंच म्हणजे साधारण 75 बाय 150 सेंटिमीटर, 400 जीएसएम (चौरस मीटरला 400 ग्रॅम). एक नग 450 ग्रॅम, डझन 5 किलो 400. पार्टीची, म्हणजे माल घेणाऱ्याची सूट वर-खाली 3 टक्के, म्हणजे डझन 5.24 ते 5.56 मध्ये बसला पाहिजे. सहा रेपियर लूम (माग) या ऑर्डरवर, दोन शिफ्ट, दिवसाला साधारण 80 डझन. आमच्याकडं आधी कटिंग-शिलाई होते, मग ब्लीच, हायड्रो (पाणी पिळून काढणारं मशीन), टंबलर (गरम हवेनं वाळवणारं मशीन), चेकिंग आणि काटा. टंबलरपासून काटा वीस पावलांवर. ही वीस पावलं लक्षात ठेवा.

8 एप्रिल

पार्टीचा माणूस इन्स्पेक्शनला आला. दुपारी अडीचची वेळ, बाहेर 42, शेडमध्ये विचारू नका. त्यानं दहा डझन काढले आणि आमच्याच काट्यावर टाकले. 5.08, 5.10, 5.07. एकही डझन 5.24 च्या वर नाही. लॉट होल्ड. मी म्हणालो अहो सेटिंग तीच आहे, मागच्या पावसाळ्यात तुम्हीच सॅम्पल पास केलंय. तो म्हणाला सॅम्पल पास आहे, माल पास नाही. बरोबरच बोलला.

मालकांचा संध्याकाळी फोन, "अहो, नवीन मॅनेजर आल्यापासूनच वजन कसं काय घटलं?" मी जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकल्यावर जॉईन झालोय. झोप लागली नाही.

9 एप्रिल

पहिला संशय सुतावर. पाईलला (वर उभ्या लूपचा धागा) आणि ग्राउंडला (खालच्या कापडाचा धागा) 2/20 म्हणजे 20 नंबरचं दुहेरी सूत आहे, त्याची 120 यार्डाची ली, म्हणजे मोजायची लडी, 6.48 ग्रॅम यायला पाहिजे. वार्पिंगच्या क्रीलवरचे (ताणा भरताना सुताचे कोन लावायचा सांगाडा) पाच कोन घेतले, सरासरी आली 6.21. म्हणजे सूत 2/20 च्या जागी 2/21 च्या जवळ. सापडला चोर असं वाटलं. सूतवाल्याला फोन लावून नको नको ते बोललो, पुढचं पेमेंट थांबवतो म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नवीन पोतं फोडा, त्यातला कोन लगेच मोजा, मग बोलू."

मी नाही फोडलं. फोडलं असतं तर हे सगळं तिथंच संपलं असतं. क्रीलवरचे कोन दोन दिवस पंख्याखाली उघडे पडलेले होते आणि मी तेच घेऊन बसलो होतो.

11 एप्रिल

सुताचा निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून पाईल वाढवायचं ठरवलं. नवीन लोकांसाठी एवढंच सांगतो की टेरीमध्ये पहिले दोन पिक (आडवे धागे) विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून लांब ठेवतात, तिसऱ्या पिकाला फणी तिन्ही एकदम पुढं ढकलते आणि ढिल्या सोडलेल्या पाईलच्या धाग्याचा लूप उभा राहतो. ते अंतर वाढवलं की लूप उंच आणि वजन जास्त.

माप घ्यायची पद्धत: ग्रे, म्हणजे ब्लीच न केलेल्या टॉवेलवर 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, तेवढा भाग कापायचा, सुईनं पाईलचा एक धागा हळू सोडवायचा आणि न ताणता पट्टीवर सरळ करायचा. आमचा 47 सेंटिमीटर निघायचा. आमच्या कन्स्ट्रक्शनला तो 2 सेंटिमीटरनं वाढला की जीएसएम साधारण 13 नं वाढतं, म्हणजे 3 टक्के. मी 50 करायला सांगितलं.

आमचे जॉबर (लूमची सेटिंग बघणारे) अण्णा, वय साठीच्या पुढं, वडील जुन्या मिलमध्ये होते (1877 ची ती, जिची चिमणी आख्ख्या गावाला माहीत होती). अण्णा घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. म्हणाले, "साहेब, वाढवा म्हणला तर वाढवतो. पण सूत खाईल की. आणि मशीन तीच, माणसं तीच, मग वजन गेलं कुठं ते बघा की आधी."

मी म्हणालो अण्णा, आधी डिस्पॅच. सहा लूम बदलायला साडेतीन तास गेले.

आणि त्याच दिवशी दुसरी चूक केली. चौघा लूमवाल्यांना लक्ष नाही म्हणून रोजचे 50 रुपये कापायला लावले, आधीचे पाच आणि पुढचे एक असे सहा दिवसांचे. प्रत्येकी 300. एक जण काही न बोलता रजिस्टरवर सही करून गेला, ते जास्त लागलं.

13 एप्रिल

नवीन माल काट्यावर 5.30. पास! मालक खूश. मी पण घरी जाताना पाव-चटणी बांधून नेली. उद्या जयंतीची सुट्टी, परवापासून फुल स्पीड. होल्डवरचा जुना लॉट पार्टीनं 2 टक्के डिस्काउंटवर उचलला.

28 एप्रिल

मुंबईहून फोन. त्यांच्या गोडाऊनमध्ये नवीन लॉट मोजला तर डझन 5 किलो 620. जास्त! आणि टॉवेल फुगीर असल्यामुळं कार्टन बंद होईना, पट्ट्या तुटतायत. "तुमचा काटा नक्की कुठल्या कंपनीचा आहे?" असं विचारलं त्यांनी, त्यातला टोमणा मला कळला.

आमच्याकडं 5.30 आणि तिकडं 5.62. एका डझनाला 320 ग्रॅमचा फरक. काटावाल्याला बोलावलं, 400 रुपये घेऊन प्रमाणित वजनं लावून दाखवली, काटा बरोबर. मग माल सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसून वजन वाढवून आला की काय?

29 एप्रिल

आजचा दिवस नीट लिहितो.

पॅकिंगच्या टेबलामागं खिळ्याला पार्टीनं पास केलेलं सॅम्पल टांगलेलं असतं. ऑगस्टमधलं. टॅगवर मार्करनं लिहिलंय 452 ग्रॅम, खाली दोघांच्या सह्या. मी सकाळपासून काट्यासमोर एकच टॉवेल ठेवत होतो, काढत होतो, परत ठेवत होतो. फोल्डिंगच्या अक्का हे बघत होत्या. त्या उठल्या, खिळ्यावरचा टॉवेल काढला, काट्यावर टाकला.

432.

अक्का म्हणाल्या, "साहेब, हा पण हलका झालाय. याला तर ऑगस्टनंतर कुणी हात नाय लावला. आता कुणाचा पगार कापायचा?"

शेडमधल्या सगळ्या बाया हसल्या. मी पण हसलो, दुसरं काय करणार.

वीस ग्रॅम खिळ्यावरून उडून गेले होते. म्हणजे पाणी. कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो हे टेक्स्टाईल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, व्यवहारात कापसाचा रिगेन 8.5 टक्के धरतात म्हणजे 100 ग्रॅम पूर्ण कोरड्या कापसावर साडेआठ ग्रॅम पाणी. मी परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेत. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी तो साडेआठ कुठून येणार, हा विचार वीस दिवसांत एकदाही आला नाही. त्यात आम्ही मोजत होतो टंबलरमधून काढलेला गरम टॉवेल, वीस पावलांवर. तो तर पापडासारखा कोरडा. मुंबईच्या दमट गोडाऊनमध्ये तोच टॉवेल आपलं पाणी पिऊन घेतो.

1 मे

सुट्टी. मनातली गोष्ट आकड्यात पाहिजे होती नाहीतर मालक ऐकणार नाहीत. घरचा ओटीजी (छोटा ओव्हन) घेतला. 0.01 ग्रॅमचा पॉकेट काटा 450 रुपयांना आणला, आणि झाकणाचे स्टीलचे डबे. बायको म्हणाली, "टॉवेल भाजताय? मीठ-मसाला लावलाय का?"

पहिला तुकडा 150 डिग्रीवर ठेवला आणि शेंगा चटणीबरोबर भाकरी खात बसलो, तेवढ्यात पिवळा पडला. वाया. मग 105 वर ठेवला, दर वीस मिनिटांनी गरम असतानाच डब्यात बंद करून वजन, असं वजन घटायचं थांबेपर्यंत. दीड तास लागला एकेकाला. प्रत्येक तुकडा 50 ग्रॅमचा, आदल्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत हवा बंद करून आणलेला:

टंबलरमधून थेट काढलेला: कोरडा 49.0. पाणी 2 टक्के.
दुपारी तीनला शेडमध्ये टांगलेला: कोरडा 48.1. पाणी 4 टक्क्यांच्या आसपास.
पहाटे सहाला काढलेला: कोरडा 47.4. साडेपाच टक्के.

आता हिशोब लावा. 450 ग्रॅमच्या टॉवेलमध्ये साडेआठ टक्के पाणी धरलं तर खरा कापूस 415. त्यात 2 टक्के पाणी म्हणजे 423, डझन 5.08. आठ एप्रिलचा आकडा! ग्रॅमला ग्रॅम जुळला. पहिला लॉट बरोबर होता, एकदम बरोबर. मी सुधारायला गेलो आणि बिघडवला.

सुताच्या लीचं पण तेच. 6.48 ला 1.085 नं भागून 1.04 नं गुणा, 6.21 येतात.

3 मे

सकाळी तीन कामं केली. सूतवाल्याला फोन करून माफी मागितली, तो म्हणाला होतं साहेब उन्हाळ्यात, डोकं पण कोरडं पडतं. चौघांचे 1200 रुपये परत दिले, शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर, कारण कापले होते सगळ्यांसमोर. आणि मालकांना नुकसानीचा कागद दिला: पाईल 47 चा 50 केल्यामुळं नगामागं 22 ग्रॅम जास्त सूत, दिवसाला 960 नग, म्हणजे 21 किलो, 15 दिवस, 250 रुपये किलोनं 79 हजाराच्या आसपास. वर 2 टक्के डिस्काउंट गेला तो वेगळाच. मालकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "म्हणजे आपण पार्टीला सूत फुकट दिलं आणि वर त्यानं जास्त झालं म्हणून तक्रार केली?" होय मालक.

अण्णांना काही सांगायला गेलो नाही. त्यांनीच पाना उचलला, "47 ना?" एवढंच विचारलं.

6 मे

सेटिंग परत आणताना प्रत्येक लूमचा धागा वेगळा मोजला, आणि बरं झालं मोजला. चार लूम 46.8 ते 47.2. पण तीन नंबर 45.2 आणि पाच नंबर उजवीकडं 47, डावीकडं 45.8. म्हणजे हवेचा दोष होताच पण त्याआड एक खरा दोष लपला होता, सरासरीत दिसत नव्हता.

तीन नंबरचा पाईल बीमवरचा (पाईलचे धागे गुंडाळलेला रूळ) टेन्शन रोलर हातानं फिरवला तर अडकतोय. बेअरिंगमध्ये कापसाची धूळ आणि ऑइल मिळून अगदी डिंकासारखं झालेलं. रोलर अडकला की पाईलवर ताण जास्त, लूप बुटका. बेअरिंगचे दोन जोड 1520 रुपये, चार तास लूम बंद. नंतर 47.1. पाच नंबरचा रोलरच एका बाजूला झिजलाय, तो बनवून आणायला लागणार, तोपर्यंत त्या लूमवर वेगळा छोटा माल लावला.

लूमवाल्यांचा पगार कापण्याआधी हे रोलर फिरवून बघितले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

9 मे

प्रश्न असा की मोजायचं कधी. गरम टॉवेल मोजायचा नाही हे कळलं, पण किती थांबायचं? एक टॉवेल टंबलरमधून काढून दोरीवर उघडा टांगला आणि दर अर्ध्या तासाला मोजला. 423, 426, 428, 429, 430, 431, मग 431 वरच. तीन तासात जेवढं प्यायचं तेवढं प्यायला. दुसरा त्याच घाण्यातला, पण घडी करून डझनाच्या थप्पीत मधोमध ठेवलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी पण 425! थप्पीत हवा जात नाही. पॉलिथिनमध्ये तर विचारूच नका. म्हणून काल पॅक केलेला डझन उघडून वजन करणं याला काही अर्थ नाही, आम्ही वर्षभर तेच करत होतो.

आता नियम: प्रत्येक लॉटमधून 12 नग, वेगवेगळ्या लूमचे, दोरीवर उघडे, चार तास, मग काटा.

12 मे

हवेतला ओलावा टक्क्यात दाखवणारे हायग्रोमीटर आणले, तीन, 600 ला एक. तिन्ही तीन गोष्टी सांगतात. 22, 29, 34. तपासायची सोपी युक्ती: छोट्या वाटीत साधं मीठ घ्यायचं, थोडंसंच पाणी घालून ओला चिखल करायचा, वाटी आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी 75 दाखवलं पाहिजे. एकानं 74 दाखवलं, तो ठेवला. बाकीचे दोन एक 81, एक 88, परत पाठवले, पैसे अजून आलेले नाहीत.

काट्याचं पण एक सापडलं. वर सिलिंग फॅन आहे. फॅनच्या वाऱ्यानं उघडा टॉवेल काट्यावर हलतो आणि आकडा पाच-सहा ग्रॅम इकडं-तिकडं नाचतो. मे महिन्यात बायांना फॅन बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. काट्याला तीन बाजूंनी जुन्या ॲक्रिलिकच्या शीट लावल्या, खर्च शून्य, आकडा स्थिर.

14 मे

मीटर आणि तक्ता घेऊन गुणाकार करत बसणं पॅकिंगला जमणार नाही हे पहिल्या दिवशीच दिसलं. मग अक्कांच्या खिळ्याकडंच परत आलो. एक चांगला टॉवेल निवडला, शेजारी त्याचाच जोडीदार दिवसभर टांगला, जोडीदाराचा तुकडा कापून ओटीजीत कोरडा केला, त्यावरून निवडलेल्याचं साडेआठ टक्क्यांचं वजन काढलं: 450. तो आता काट्याशेजारी कायम टांगलेला. नाव पडलं साक्षीदार.

वापर असा की लॉटचे 12 नग मोजायच्या आधी साक्षीदार मोजायचा. आज साक्षीदार 431, लॉटची सरासरी 428. तर 428 गुणिले 450 भागिले 431, उत्तर 447. डझन 5.36. पास. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंद. हवेत किती पाणी आहे, पंखा चालू होता का, पहाट होती का दुपार, काही बघायची गरज नाही, साक्षीदार पण त्याच हवेत उभा आहे.

16 मे

पार्टीबरोबर व्हिडिओ कॉल. साक्षीदार, ओटीजीचे आकडे, सगळं दाखवलं. त्यांचा क्वालिटीवाला समजूतदार निघाला, म्हणाला आमच्या पीओत (परचेस ऑर्डर) वजन लिहिलंय पण कुठल्या ओलाव्याला ते लिहिलंच नाही. पुढच्या पीओत "वजन 8.5 टक्के रिगेनवर" अशी ओळ येणार. 2 टक्के डिस्काउंट परत मागितला, तो विषय त्यानं हसून बदलला. जास्त वजनाचा लॉट ठेवून घेतला, ज्यादाचे पैसे अर्थातच नाहीत.

20 मे

सकाळी साक्षीदार 468. काय?! रात्रीतून पाऊस तर नाही. लॉट त्याच्याशी ताडला तर सगळा माल फेल दिसतोय, पॅकिंग थांबलं, अर्धा तास गोंधळ. मग वास घेतला. रात्रपाळीच्या कुणीतरी हात धुऊन त्याला पुसले होते. टॉवेलच तो, दिसला की माणूस हात पुसणारच, त्यात त्याची काय चूक.

आता तीन साक्षीदार केलेत, तिघांची सरासरी घेतो, एक बाद झाला तर लगेच कळतं. वरून जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून पिंजरा केला, कुलूप लावलं. चावी अक्कांकडं. मालक पाहुण्यांना कारखाना दाखवताना आता हा पिंजरा पण दाखवतात.

11 जून

रात्री जोरदार पाऊस. सकाळी शेडमध्ये मीटर 78. साक्षीदार 446, 445, 447. लॉट 443, ताडून 447. लूमला कुणी हात लावलेला नाही, तीन नंबरचा धागा आज पण 47.1. मागच्या वर्षी याच दिवसात वजन जास्त येतंय म्हणून आधीच्या मॅनेजरनं पाईल कमी केली होती असं अण्णा आज चहा पिताना म्हणाले. मी विचारलं मग तेव्हाच का नाही सांगितलं मला? "तुम्ही विचारला नाय की."

पाच नंबरचा रोलर लेथवाल्याकडून अजून आलेला नाही. उद्या परत जाऊन बसतो त्याच्या दारात.